करकोचा छाप

कात्रजच्या घाटात कंपनीची मिनीबस डोंगराला धडकली, हे वासंती खळदकरांना सकाळी गेटातच कळलं. ब्रेकची नळी फुटली होती, हे कळलं जागेवर जाऊन बसल्यावर. आणि मग जी तिडीक त्यांच्या डोक्यात गेली, ती दिवसभर उतरली नाही.

कारण ती नळी त्यांनी आणलेली होती. थेट पोलंडहून.

भोसरीच्या त्या मिनीबस बनवणाऱ्या कंपनीत वासंतीबाई लागल्या त्या टायपिस्ट म्हणून. स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. पुढे नव्वदनंतर सरकारने दारं उघडली, बाहेरचा माल येऊ लागला, तसं परचेस खात्याला फोनवर इंग्रजीतून भांडू शकेल असं माणूस हवं झालं. कसबा पेठेत वाढलेल्या बाईइतकं भांडणाचं शिक्षण दुसऱ्या कुणाचं झालेलं असणार? बाई टाइपरायटरवरून उठल्या आणि परदेशी खरेदीच्या टेबलावर बसल्या. जर्मन नळ्या परवडेनाशा झाल्या तेव्हा दिल्लीच्या एका प्रदर्शनात, अगदी कोपऱ्यातल्या स्टॉलवर, त्यांना ही पोलंडची कंपनी सापडली. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातला कारखाना, रबराच्या नळ्या करणारा. प्रत्येक नळीवर नखाएवढा करकोचा उठवलेला.

मीटिंगमध्ये जनरल मॅनेजर श्रीनिवास बोकील म्हणाले होते, "पोलंड? तिथे बटाट्यांशिवाय काही होतं का?"

"होतं. आणि बटाटेसुद्धा मंचरपेक्षा बरे होतात म्हणे," बाई म्हणाल्या होत्या.

नळ्यांचे नमुने आले, तपासले गेले, पास झाले. मागवायच्या किती, तो आकडा बोकीलांकडून यायचा. कंपनीच्या जाहिरातीत 'युरोपियन ब्रेक' असं मोठ्या अक्षरांत झळकू लागलं आणि बाईंचं नाव पडलं पोलंडबाई. त्या वरवर चिडायच्या, पण आतून त्यांना ते नाव आवडायचं. चार माणसं 'नको' म्हणत असताना आपण एक गोष्ट उभी केली, एवढं समाधान पुष्कळ झालं की माणसाला.

आणि आता ही बातमी. खेड शिवापूरच्या एका पॅकिंगच्या कारखान्यातल्या बायकांना घेऊन बस पुण्याकडे येत होती. जुन्या बोगद्यातून बाहेर पडून उताराला लागली आणि पुढच्या चाकाची नळी फुटली. तेल गेलं, पेडल तळाला टेकलं. कचरू शिळीमकर नावाच्या ड्रायव्हरने दरीची बाजू सोडून गाडी डोंगराला घासत नेली आणि थांबवली. जीव कुणाचा गेला नाही. एका पोरीच्या मांडीचं हाड मोडलं, काही जणींना टाके पडले आणि कचरूच्या उजव्या हाताचा चुरा झाला.

बोकीलसाहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "पोलंडला लिहा. चांगलं झणझणीत लिहा, गुळमुळीत नको. भाव कमी करून घेऊ या निमित्ताने."

भावाचं बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या नुसत्या पेटल्या होत्या. त्यांनी संगणकावर बसून एका बैठकीत लिहिलं. तुमच्या मालाने आमच्या बायकांची हाडं मोडली. युरोपातल्या गाड्यांना एक माल आणि आम्हाला दुसरा, असं आहे का? भारतात काय, काहीही चालून जातं, अशी तुमची समजूत असेल तर ती चूक आहे. खाली नाव टाकलं आणि पाठवून दिलं. बोकीलांनी वाचलं आणि म्हणाले, "वा! झोंबेल."

झोंबलंच. दुसऱ्या दिवशी पोलंडच्या कारखान्यातल्या तपासणी खात्याच्या प्रमुख हालिना व्रोना यांचं उत्तर आलं. एकच ओळ होती: मी येते आहे.

"येते आहे म्हणजे?" बोकीलांनी चष्मा काढला. "इथे? कशाला?"

"नळी बघायला."

"एवढ्याशा नळीसाठी पोलंडहून?"

"साहेब, एवढ्याशा नळीवरच बस थांबते."

बोकील हसले नाहीत. एरवी ते बाईंच्या बोलण्यावर निदान नाकातून तरी हसायचे. बाईंना तेव्हा ते जाणवलं नाही. त्या स्वतःच्याच रागाच्या तयारीत होत्या.

हालिना व्रोना आली ती मार्चच्या ऐन उन्हात. उंच, पन्नाशीची, पांढरे केस बारीक कापलेले, स्वतःची बॅग स्वतःच ओढत. वासंतीबाईंसमोर उभी राहून तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "पानी वासंती."

शिपायाने तत्परतेने पाण्याचा ग्लास आणला. तिने गोंधळून तो घेतला, पिऊन टाकला आणि पुन्हा बाईंकडे वळून म्हणाली, "पानी वासंती—" दुसरा ग्लास आला. तिसऱ्या वेळी बाईंच्या लक्षात आलं की तिच्या भाषेत पानी म्हणजे बाई. वासंतीबाई, एवढंच म्हणायचं होतं बिचारीला. ऑफिसातले लोक हसले, बाईही हसणार होत्या, पण त्यांनी हसू दाबलं. ज्यांच्या मालाने हाडं मोडली त्यांच्याशी हसणं बरं दिसत नाही.

दोघींचंही इंग्रजी घरचं नव्हतं, त्यामुळे बोलणं सरळ व्हायचं.

"नळी दाखवा," हालिना म्हणाली.

बोकीलांनी कारखाना दाखवला, जेवायला मोठ्या हॉटेलात नेलं, सिंहगडाविषयी माहिती दिली. हालिनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नळी?"

नळी पोलिसांनी नेली, बोकील म्हणाले. मग म्हणाले, पोलिसांनी गाडी सोडली, गाडीच्या मालकाने ती भंगारात घातली. त्याच बनावटीची दुसरी गाडी दाखवा, ती म्हणाली. कारखान्यात आत्ता एकही नाही, सगळ्या रस्त्यावर आहेत, असं उत्तर मिळालं. "उद्या वासंतीबाई तुम्हाला शनिवारवाडा दाखवतील," असं सांगून बोकीलांनी गाडी आणि ड्रायव्हर ठरवून दिला.

गाडीत बसल्यावर वासंतीबाई म्हणाल्या, "शनिवारवाडा कुठे जात नाही. बघाल पुढच्या वेळी." आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "स्वारगेटला घ्या."

त्यांना वाटत होतं, समोरासमोर दाखवू. बघा म्हणावं डोळ्यांनी, काय माल पाठवता ते.

स्वारगेटच्या डेपोपलीकडे रस्त्याच्या कडेला खाजगी मिनीबस उभ्या असतात. शिरवळ, भोर, सासवडच्या फेऱ्या करणाऱ्या, आयटीवाल्यांना हिंजवडीला नेणाऱ्या. त्यांतल्या निम्म्या याच कंपनीच्या. बाईंनी एका ड्रायव्हरला विचारलं, जरा चाकाखाली बघू का. तो म्हणाला, "बघा की, फुकट हाय." हालिनाने त्याच्याकडून वर्तमानपत्र मागून घेतलं, डांबरावर पसरलं आणि त्यावर आडवी होऊन खांद्यापर्यंत गाडीखाली शिरली. स्वारगेटला गर्दी जमायला एवढं कारण पुष्कळ. वडापाववाला, हमाल, कॉलेजची पोरं, सगळे गोल करून उभे राहिले. गोरी बाई बसखाली काय शोधतेय, याच्यावर तर्क सुरू झाले.

ती बाहेर आली तेव्हा हात काळे झालेले होते आणि चेहरा पांढरा. लगेच ती दुसऱ्या गाडीखाली गेली. मग तिसऱ्या.

"ही आमची नळी नाही," उठून ती म्हणाली.

"छाप तुमचाच आहे. मी स्वतः वाकून बघितलाय," बाई म्हणाल्या.

"आमचा करकोचा एका पायावर उभा असतो. करकोचा तसाच उभा राहतो, पानी वासंती. आमच्या गावात दर छपरावर बघायला मिळतो. याला दोन पाय आहेत."

बाईंनी साडीचा पदर खोचला आणि त्या स्वतः वर्तमानपत्रावर बसल्या. मोबाइलच्या उजेडात त्यांनी पाहिलं. नखाएवढा पक्षी, आणि त्याला चांगले दोन पाय. नक्कल करणाऱ्या कुणा शहाण्याला वाटलं असेल, एक पाय छापायचा राहिलाय. त्याने तो भरून काढला होता. रबरावर बोट दाबलं तर बारीक भेगा उघडत होत्या. गाडी तर वर्षाचीसुद्धा नव्हती.

"तुम्ही मला चोर म्हणालात," हालिना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "तुमच्या त्या पत्रानंतर मी माझ्या खात्यातल्या माणसांना धारेवर धरलं. आमचा एक म्हातारा तपासनीस आहे. त्याच्या हातून माल पास झाला होता. त्याला मी सगळ्यांसमोर नको ते बोलले. तो उठून निघून गेला. आणि तुम्ही इथे आमच्या नावाने हे विकता."

"मला माहीत नव्हतं."

"पत्राखाली नाव तुमचं आहे."

"माहीत नव्हतं म्हणते ना!"

"आमच्याकडे जुन्या कम्युनिस्ट राजवटीत कारखान्यांत हेच चालायचं. वरच्याने सांगायचं, खालच्याने सही करायची. नंतर सगळेच म्हणायचे, मला माहीत नव्हतं." तिने रुमालाने हात पुसले. "मला हॉटेलवर सोडा."

वासंतीबाईंनी तिला गाडीत बसवून दिलं आणि स्वतः चालत निघाल्या. शिवाजी रस्त्याने मंडईपर्यंत त्या कशा आल्या ते त्यांनाच कळलं नाही. कुणी धक्का दिला तर एरवी चार शब्द सुनावल्याशिवाय पुढे न जाणारी बाई, आज धक्के खात चालली होती. बायकांची हाडं मोडली म्हणून पोलंडवर तोंडसुख घेतलं होतं त्यांनी. आपल्याला दुय्यम समजतात म्हणून आग झाली होती. आणि दुय्यम कोण समजत होतं?

घरी मुलगी तनया लॅपटॉप घेऊन बसली होती. नुकतीच आयटीत लागलेली. सगळं ऐकून म्हणाली, "आई, सिंपल आहे. रिझाइन कर. माझा पगार आहे ना आता?"

"मी का राजीनामा देऊ? चोरी मी केलीय का?"

"मग काय करणार?"

"आधी बघणार. किती खोल गेलंय ते."

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या टेबलावर न जाता सरळ स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअरचा सोनबा गेली अनेक वर्षं तिथलं कुलूप उघडत होता आणि लावत होता. बाईंनी विचारलं, "पोलंडच्या नळ्या कुठे असतात रे?"

त्याने जाळीच्या आतल्या खोक्यांकडे बोट केलं. "त्या काय. आफ्रिकेला जाणाऱ्या गाड्यांच्या. बोकीलसाहेबांची सक्त ताकीद हाय, हितल्या गाडीसाठी त्यांना हात लावायचा न्हाई."

"आणि इथल्या गाड्यांना?"

"त्या चाकणच्या शेडमधनं येत्यात. ती पिपं ठेवल्यात बघा तिकडं." मग तो थांबला. "बाई, तुम्हाला ठाऊक न्हवतं? आम्हाला वाटलं, तुमचंच खातं, तुमीच केलं असंल. लोक तर म्हणायचे, पोलंडबाईनं पुण्यातच पोलंड काढलं."

हे त्यांना फुटलेल्या नळीपेक्षा जास्त लागलं. म्हणजे सगळ्या कंपनीला वाटत होतं की हे बाईंच्या संमतीने चाललंय. त्यांच्या पाठीमागे लोक हसत होते आणि त्या मात्र मान ताठ करून वावरत होत्या.

त्या बोकीलांच्या केबिनमध्ये दार न वाजवता गेल्या.

"अहो, या या. शनिवारवाडा कसा वाटला पाहुण्यांना?"

"स्वारगेटच जास्त आवडलं."

बोकीलांनी पेन खाली ठेवलं. नाकारतील, असं बाईंना वाटलं होतं. पण बोकील नाकारणाऱ्यांतले नव्हते. समजावून सांगणाऱ्यांतले होते.

"बसा. हे बघा वासंतीबाई, तुम्ही हुशार आहात. बाहेर जाणाऱ्या गाडीची तिकडे तपासणी होते. तिथे खरा माल लागतो, तो आपण देतो. इथल्या गिऱ्हाइकाला काय हवं असतं? स्वस्त गाडी. तो ती चेपून भरतो, सर्व्हिसिंग करत नाही, तेल बदलत नाही. त्याला पोलंडची नळी देणं म्हणजे..." त्यांनी शब्द शोधला, "उधळपट्टी. इथे चालतं."

"चालत नाही साहेब. फुटतं."

"एक फुटली."

"एक कळली."

"आणि ती नळीमुळेच कशावरून? ड्रायव्हर भरधाव होता. पोलिसांना आपण तसं सांगितलंय. त्याच्यावर गुन्हा दाखल झालाय."

बाईंना क्षणभर ऐकू आलं ते खरं वाटेना. "म्हणजे पोलंडला आपण सांगितलं की नळी खराब, आणि पोलिसांना सांगितलं की नळी उत्तम, ड्रायव्हर खराब?"

"दोन वेगळे विषय आहेत ते."

"विषय वेगळे असतील. हात एकच मोडलाय त्याचा."

बोकीलांनी घड्याळाकडे पाहिलं. "तुम्ही विनाकारण मनाला लावून घेताय. तुमची तनया काही आपल्या बसने जात नाही ना ऑफिसला? तिची कंपनी चांगल्या गाड्या पाठवते. मग?"

वासंतीबाई उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या कितीदा चिडल्या होत्या. नळकोंडाळ्यावर, रेशनच्या रांगेत, बँकेच्या खिडकीपाशी. तो राग तोंडातून निघून जायचा आणि नंतर भूक चांगली लागायची. हा राग तसा नव्हता. हा आत जाऊन बसला. त्यांना एवढंच सुचलं, "आज पहिल्यांदा कळलं साहेब, तुम्ही येताजाता सगळ्यांच्या मुलांची चौकशी का करता ते." आणि त्या बाहेर पडल्या.

दुपारी मालकांच्या खोलीत बैठक ठरली. रंगराव जगदाळे म्हणजे कंपनीचे मालक. गॅरेजपासून इथवर आलेला माणूस, बोलणं कमी. हालिना आधीच येऊन बसली होती. आत जाण्याआधी बोकीलांनी वासंतीबाईंना कोपऱ्यात गाठलं. "एवढंच सांगायचं, की गाडीमालक बाजारातून नकली स्पेअर आणून बसवतात. आपला संबंध नाही. तुमच्या तोंडून ऐकलं की तिचा विश्वास बसेल."

"माझ्या तोंडून?"

"तुम्हीच तर तिला ओळखता."

बैठक सुरू झाली. बोकीलांनी भारतातल्या नकली मालाच्या बाजारपेठेविषयी सुरेख प्रस्तावना केली आणि बाईंकडे वळून म्हणाले, "मिसेस खळदकर सांगतील."

वासंतीबाईंनी सांगितलं. आधी इंग्रजीत, हालिनाला कळावं म्हणून. चाकणच्या शेडमधून येणाऱ्या नळ्या, जाळीच्या आत आफ्रिकेच्या गाड्यांसाठी ठेवलेली खोकी, दोन पायांचा करकोचा. मग तेच मराठीत, मालकांना कळावं म्हणून. शेवटी म्हणाल्या, "पत्र मी लिहिलं होतं. त्याबद्दल मी या बाईंची माफी मागते. पण त्या पत्रातला एकही शब्द मागे घेत नाही. फक्त पत्ता चुकला होता."

बोकील छताकडे पाहत होते.

रंगराव हळूच म्हणाले, "बाई, घरातलं भांडण पाहुण्यांसमोर आणायचं असतं होय?"

"बसमध्ये बसली होती ती घरचीच माणसं होती साहेब. पाहुणे नव्हते."

रंगरावांनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली की राग आला, हे बाईंना पुढेही कधी कळलं नाही. त्यांनी नुसतं हात हलवून सगळ्यांना जायला सांगितलं.

हालिना जिन्यात थांबली. तिने बाईंचा हात हातात घेतला नाही की गळ्यात पडली नाही. म्हणाली, "काल मी जे बोलले, ते तुम्हाला बोलायला नको होतं."

"बोललात ते बरं झालं. नाहीतर मी शनिवारवाडाच दाखवत बसले असते."

आता हालिना परत जाईल, पोलंडची कंपनी दावा ठोकेल, बोभाटा होईल, असं बाईंना वाटत होतं. सोमवारपासून त्यांचं टेबल हललं. त्यांना गेटजवळच्या खोलीत बसवण्यात आलं आणि काम मिळालं पेनं, फायली आणि झाडू मागवण्याचं. बाई रोज वेळेवर जाऊन बसायच्या आणि झाडूसुद्धा तीन दुकानांतून भाव काढून मागवायच्या. दुपारी डबा घेऊन त्या कँटीनमध्ये भर मधल्या टेबलावर बसायच्या. लोक नजर चुकवायचे. चुकवू देत.

मग पोलंडहून हालिनाचा फोन आला. आवाज थकलेला होता. त्यांच्या संचालकांचं आणि रंगरावांचं परस्पर बोलणं झालं होतं. पोलंडच्या मालात दोष नाही असं रंगरावांनी मान्य केलं होतं, चाकणचं शेड बंद करायचं कबूल केलं होतं, आणि आफ्रिकेच्या गाड्यांची ऑर्डर वाढवून दिली होती. विषय संपला होता.

"आणि रस्त्यावरच्या गाड्या?" बाईंनी विचारलं.

"मी विचारलं. आमचे संचालक म्हणाले, तो त्यांच्या देशाचा प्रश्न आहे. मी ओरडले, पानी वासंती. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला."

"म्हणजे तुमच्याकडचे आणि आमच्याकडचे सारखेच."

"त्या म्हाताऱ्या तपासनिसाची मात्र मी माफी मागितली," हालिना म्हणाली. "सगळ्यांसमोर."

फोन ठेवला आणि वासंतीबाईंनी पर्स उचलली. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्या पोलीस चौकीत गेल्या. तिथल्या फौजदाराने आधी बसायलाही सांगितलं नाही. म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हर तुमचा कोण?"

"कुणी नाही."

"मग तुमचं यात काय गेलं?"

"माझं नाव गेलं. तुम्ही जबाब लिहून घेताय, की मी इथे बसून राहू? मला घाई नाही. माझ्याकडे सध्या फक्त झाडूंचं काम आहे."

त्या बसल्या. दुसऱ्या दिवशीही येऊन बसल्या. येताना स्वारगेटच्या दोन ड्रायव्हरांना घेऊन आल्या, त्यांच्या गाड्यांच्या काढलेल्या नळ्यांसकट. नळ्या टेबलावर वेटोळं घालून पडल्या तेव्हा फौजदाराने एक उचलून वाकवली आणि ती त्याच्या हातात चिरली. त्याने बाईंकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे सरकवली आणि कागद ओढला. कारण चौकीतल्या हवालदारांची बायकामुलंही तसल्याच बसमधून फिरत होती, हे त्याला तेवढ्यात आठवलं असावं.

पुढे आरटीओचा माणूस गाड्या तपासायला आला आणि सगळ्या नळ्या बदलून द्या असं कंपनीला बजावून गेला. कचरू शिळीमकरवरचा गुन्हा मागे घेतला गेला. कंपनीवर मात्र काही कारवाई झाली नाही. नळ्या पुरवणारं चाकणचं शेड कुणा भलत्याच माणसाच्या नावावर निघालं आणि तो माणूस सापडला नाही. बोकीलांना बढती मिळून ते नव्या कारखान्यात गेले. जाताना त्यांनी गेटजवळच्या खोलीत डोकावून "येतो हं" म्हटलं. बाई म्हणाल्या, "नीट जा. बसने जाऊ नका."

पावसाळा संपता संपता एक दिवस त्यांना भेटायला कचरू कंपनीच्या गेटवर आला. भोरकडचा, किडकिडीत, चाळिशीचा माणूस. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट नीट वळत नव्हतं. स्टिअरिंग धरता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने केळ्यांची एक फणी आणली होती, ती त्याने डाव्या हाताने पुढे केली.

गेटवर त्या दिवशी मोठा फलक लागलेला होता. 'ग्राहकराजासाठी खास भेट! मोफत ब्रेक तपासणी शिबिर. आपली सुरक्षा, आमचा आनंद.' आत मिनीबसची रांग लागली होती. मेकॅनिक नळ्या काढत होते आणि नव्या बसवत होते. ड्रायव्हरांना चहा आणि कंपनीचं कॅलेंडर वाटलं जात होतं.

कचरूने फलक अक्षर अक्षर लावून वाचला. "भेट म्हंत्यात," तो म्हणाला.

"हो. भेट."

"पन नळ्या बदलत्यात ना बाई?"

"बदलताहेत."

"खऱ्या?"

"मी स्वतः बघून आलेय. खऱ्या आहेत."

"मग ऱ्हाऊ द्या आता," तो म्हणाला. "सगळ्यांचं झालं की चांगलं. तुमी लई केलं. सोडा आता राग."

वासंतीबाईंनी त्याच्या न वळणाऱ्या मनगटाकडे पाहिलं. मग फलकाकडे.

"तुम्ही सोडा हवं तर," त्या म्हणाल्या. "तुमचा मोठेपणा आहे तो. मी नाही सोडणार." आणि त्याला घेऊन त्या फलकाखालून आत गेल्या. नव्या मॅनेजरची केबिन कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं, आणि हात निकामी झालेल्या माणसाला कंपनीत बसून करता येईल असं कुठलं काम रिकामं आहे, तेही.